चारशे सातचा आवाज बसवायचा तर

आमची गाडी रात्री अडीचला निघते. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून पुण्याचं मार्केट यार्ड उजाडायच्या आत गाठायचं, तर त्याहून उशीर चालत नाही. गल्ली अरुंद, घरं एकमेकांना खेटून, आणि दाराशी उभी आमची जुनी टाटा चारशे सात. सेल्फ मारला की आधी कुत्रं, मग शेजारचं तान्हं बाळ आणि मग बाळाची आजी, अशा क्रमानं गल्ली जागी व्हायची. आजी कधी भांडल्या नाहीत. एका सकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "तुझ्या गाडीमुळं आम्हाला गजराचं घड्याळ घ्यावं लागलं नाही बघ." त्या दिवशी मी सायलेन्सरचा विषय मनावर घेतला.

मनावर घेतला, पण डोकं लावलं नाही. थेट दुकानात गेलो आणि सायलेन्सर उचलून आणला. चकचकीत काळा रंग, नामांकित कंपनीसारखं दिसणारं पण एका अक्षरानं चुकलेलं नाव, आणि किंमत निम्मी. गल्लीतला आवाज थोडा उतरला. पण हायवेला जरा वेग घेतला की केबिनमध्ये असा घूंऽऽ सुरू व्हायचा, की शेजारी बसलेला क्लीनर काय सांगतोय ते कळेना. दोन महिन्यांनी डबा काढून कापला, तर आत एक आडवा पत्रा आणि बाकी नुसती हवा. शेवटी ज्यांच्याकडं जायला हवं होतं त्या चाचांकडं गेलो. सत्तरी ओलांडलेले, टेल्कोच्या गाड्यांखाली झोपून आयुष्य काढलेले मिस्त्री. त्यांनी गाडी चालू करायला लावली, चारी बाजूंनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मालक, डबा घ्यायच्या आधी आवाज ओळखायचा असतो."

पुढं जे लिहितोय ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी गाडीबद्दल. चारशे सात १९८६ साली आली. ॲल्विन निसान, डीसीएम टोयोटा असल्या जपानी मेळाच्या गाड्या तेव्हा जोरात होत्या. त्या गेल्या, ही राहिली. तिच्यातलं जुनं इंजिन ४९७. या आकड्यात गंमत आहे: पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे मिलिमीटर. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, २,९५६ सीसी. मोठ्या ट्रकमधलं ६९७ म्हणजे त्याच बोअरची सहा सिलिंडरं. मी चारशे सातचं उदाहरण घेतोय, पण हिशेब जुन्या लेलँडला, आयशरला, सोळा-तेरालाही तोच लागू होतो. एक अट मात्र आहे. गाडी बीएस-४ किंवा त्यानंतरची असेल तर तिच्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, फिल्टर, युरियाची व्यवस्था, सेन्सर यांपैकी काही ना काही बसवलेलं असू शकतं. तिथं करवत चालवू नका. हा लेख साध्या, जुन्या, पंप-नोझलच्या डिझेल गाड्यांसाठी आहे.

आता आवाज ओळखायचा म्हणजे काय. जुन्या ट्रकचा गोंगाट एका तोंडातून येत नाही. इंजिनाची डिझेलची खडखड, पंख्याचा वारा, गिअरबॉक्स, टायर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, हौद्याचे फाळके आणि सायलेन्सर, सगळे एकदम बोलत असतात. यातला सायलेन्सरचा वाटा किती हे कळल्याशिवाय पैसे घालण्यात अर्थ नाही. सोपी परीक्षा अशी. ज्या वेगाला त्रास होतो तो वेग मोकळ्या सपाट रस्त्यावर पकडा आणि गिअर बदलून पुन्हा त्याच वेगाला या. आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाचा किंवा धुराच्या वाटेचा. वेग तोच आणि आवाजही तोच राहिला, तर टायर, क्रॉस किंवा सेंटर बेअरिंगकडं बघा. तिथं सायलेन्सर बदलणं म्हणजे दुखतंय दाढेला आणि मलम पायाला.

इंजिनाच्या बाजूचा आवाज असेल तर पुढचा प्रश्न: तो टोकातून येतोय की वाटेतून? माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांचा अर्ध्याहून जास्त त्रास वाटेतून निघतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, खालच्या पाईपच्या फ्लँजमधून, क्लॅम्पमधून, वेल्डिंगच्या केसाएवढ्या भेगेतून. ही गळती किती महागात पडते याचा हिशेब चाचांनी केला नव्हता, मी घरी येऊन केला. एखादा सायलेन्सर आवाज २० डेसिबलनं उतरवत असेल तर ध्वनीच्या ऊर्जेतले शंभरातले ९९ भाग तो अडवतो, एकच बाहेर सोडतो. आता सायलेन्सरच्या आधीच्या सांध्यातून शंभरातले पाच भाग तसेच निसटले, तर बाहेर एकाच्या जागी सहा भाग येतात. म्हणजे जवळजवळ आठ डेसिबल आवाज परत वाढला. ही भेग उघडी ठेवून तुम्ही जगातला सर्वात भारी डबा लावा, फरक पडणार नाही.

गळती शोधायची ती थंड इंजिनावर. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक किंवा फट-फट ऐकू आली, गाडी तापल्यावर ती कमी झाली आणि चढाला लोड पडल्यावर पुन्हा तीक्ष्ण झाली, तर ते गॅस्केट आहे. लोखंड तापून फुगतं, भेग मिटते, म्हणून दुपारी मिस्त्रीला दाखवायला नेलं की गाडी साळसूद. टॅपेटची टिकटिकही अशीच भासते, पण ती लोडनं फारशी बदलत नाही. डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे काजळी. सांध्याच्या बाजूला काळा फराटा उमटला असेल तर तिथून धूर जातो, याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही. तरीही खात्री नसेल तर एकानं जाड ओल्या फडक्यानं टेलपाईपचं तोंड क्षणभर दाबायचं आणि दुसऱ्यानं, हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवून, फुसफुस कुठून येते ते ऐकायचं. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, चाकाला दगड. गाडी बंद आणि थंड असताना टेलपाईपमधून ब्लोअरची हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं तरी बुडबुडे जागा दाखवतात. पंक्चरवाल्याचीच विद्या.

मॅनिफोल्डचं काम निघालं तर घाई करू नका. तिथले स्टड वर्षानुवर्षं तापून गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, नट गॅसच्या ज्योतीनं लालसर करायचा आणि मग पाना लावायचा. एक स्टड आत तुटला की दिवस गेला. मॅनिफोल्ड खाली आल्यावर त्याच्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फिलर गेजनं फट बघा. कास्टिंग वाकलं असेल तर नवं गॅस्केट महिनाभर टिकेल आणि मग परत टिक-टिक. ते सरफेसिंगला द्यावं लागतं. जुनी गॅस्केट्स ॲस्बेस्टॉसची असू शकतात, म्हणून ती कोरडी खरवडून धूळ उडवायची नाही. ओली करून काढायची. परत जोडताना पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी कोणी तुम्हाला शिव्या देणार नाही. कसायचं मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर थंड गाडीवर पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा कसणं नव्वद टक्के गॅरेजांत होत नाही.

टर्बोच्या गाडीत गळतीचं दुखणं आणखी वेगळं. टर्बोच्या आधी गळती असेल तर आवाजासोबत जोरही जातो आणि धूर काळा होतो, कारण टर्बाइन फिरवायला जो दाब लागतो तोच बाहेर सांडतो. उलट टर्बो स्वतःच धुराच्या ठोक्यांची धार थोडी बोथट करतो, म्हणून त्याच आकाराचं साधं इंजिन टर्बोवाल्यापेक्षा जास्त ठणठणतं. घाटात एक्झॉस्ट ब्रेक वापरणाऱ्यांनीही सांधे बघावेत. गळक्या पाईपवर तो ब्रेक अर्धाच धरतो.

वाट बंद झाली, तरीही टोकाचा आवाज मोठा आहे, तर आता डब्याकडं या.

सायलेन्सर आवाज गिळतो असं आपण म्हणतो, पण डिझेल ट्रकचा सायलेन्सर बहुतेक आवाज परत पाठवतो. चार सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमवर फिरत असेल तर दर फेरीला दोन, म्हणजे सेकंदाला ५० ठोके बाहेर पडतात. सहा सिलिंडरांचं असेल तर ७५. हे ठोके अरुंद पाईपमधून एकदम रुंद डब्यात आले की त्यांचा बराच भाग मागं वळतो. अरुंद ते रुंद हा फरक जितका मोठा तितका परतावा मोठा. पाईपच्या तिप्पट व्यासाचा डबा, म्हणजे नऊपट क्षेत्रफळ, योग्य त्या पट्टीला साधारण १३ डेसिबल उतरवू शकतो. पण "योग्य त्या पट्टीला" हे शब्द महत्त्वाचे. सुमारे ३५० अंश तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो, त्यामुळं ५० ठोक्यांच्या आवाजाची लाट १० मीटर लांब होते. एका कप्प्याचा डबा लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढा असेल तेव्हा सर्वात चांगलं काम करतो. म्हणजे अडीच मीटर, जवळजवळ हौद्याएवढा. असा डबा कोण लावणार? म्हणून चांगल्या सायलेन्सरमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या भोकाभोकांच्या नळ्या असतात. धूर वळणं घेत जातो आणि प्रत्येक कप्पा आपापली पट्टी पकडतो. माझ्या पहिल्या डब्यात ही वळणंच नव्हती. तो सायलेन्सर नव्हता, ढोल होता.

दुसरी जात काचलोकर भरलेल्या सरळ नळीच्या सायलेन्सरची. अमेरिकेत जुन्या पेट्रोल पिकअपवाल्यांचा तो लाडका आहे. लोकर वरच्या पट्टीचा, सळसळीचा आवाज खाते, खालच्या घुमण्यावर तिचा उपाय चालत नाही. शिवाय आपल्या जुन्या डिझेलची काजळी आणि तेलकट धूर तिला काही महिन्यांत लेपून टाकतात. चारशे सातला मुख्य डबा म्हणून मी तो कधीच सुचवणार नाही.

मग निवडायचं कसं? पहिली पसंती गाडीच्या मॉडेलचा मूळ नमुन्याचा सायलेन्सर, भरवशाच्या दुकानातून, बिलासकट. कंपनीच्या अभियंत्यांनी त्या इंजिनाचे ठोके मोजून तो बनवलेला असतो, आपण त्यांच्यापेक्षा शहाणे नाही. तो मिळत नसेल आणि दुसरा घ्यायचा असेल तर दुकानात उभं राहून चार गोष्टी करा. हातात धरून वजन बघा. आत कप्पे असलेला डबा जड असतो. बोटानं टिचकी मारा. टणकन वाजला तर पत्रा एकेरी आणि आत पोकळी, ठप्प असा दबका आवाज आला तर पत्रा दुहेरी आहे. एका तोंडातून मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्यातून बघा. भोकांची नळी न दिसता थेट उजेड आरपार आला तर परत ठेवा. आणि घनफळ काढा. इंजिनाच्या सीसीच्या तिपटीपेक्षा लहान डबा मी घेत नाही, पाचपट-सहापट असेल तर समाधान वाटतं. चारशे सातचं इंजिन तीन लिटरचं. २० सेंटीमीटर व्यास आणि ६० सेंटीमीटर लांबीचा गोल डबा जवळपास १९ लिटरचा होतो, म्हणजे सहापटीहून थोडा जास्त. सहा सिलिंडरांच्या ६९७ला २४ बाय ९० सेंटीमीटरचा डबा बसला तर सुमारे ४० लिटर, सातपट. हा सगळा हिशेब दुकानदारासमोर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. तो हसला तरी चालेल.

भंगारातला डबा? कुर्ल्यात जुन्या मालाच्या बाजारात गेलात तर मोठ्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर स्वस्तात सापडू शकतो, आणि मोठा डबा लहान इंजिनाला लावणं वाईट नाही, फक्त तोंडांचे व्यास जुळायला हवेत. पण हलवून बघा. आत खुळखुळलं तर कप्पा सुटलेला आहे. सुटलेला पत्रा एखाद्या चढावर धुराच्या वाटेतच आडवा पडतो.

आता पाईप. व्यास मूळ पाईपएवढा ठेवा आणि तो चेपलेल्या जागी मोजू नका. अडीच इंची पाईपचं क्षेत्रफळ दोन इंचीपेक्षा ५६ टक्के जास्त असतं, त्यामुळं "अर्ध्या इंचानं काय होतंय" म्हणणाऱ्या वेल्डरचं ऐकू नका. बारीक पाईप लावला तर धूर कोंडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, डिझेल वाढतं, धूर काळा पडतो आणि पीयूसीला गाडी अडते. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे. वळणांतही फसवणूक होते. नुसता दाबून वाकवलेला पाईप वळणावर चपटा होतो आणि तिथं दोन इंचीचा दीड इंची होऊन बसतो. तयार बेंड जोडा, नाहीतर जुन्या पद्धतीनं पाईपात वाळू ठासून, तापवून वाकवून घ्या. वाळू खडखडीत कोरडी हवी. ओल राहिली तर आतली वाफ तोंडाचं बूच उडवते.

कोंडमारा मोजताही येतो. बहुतेक इंजिनवाले मागच्या दाबाची मर्यादा १० किलोपास्कलच्या आसपास ठेवतात, म्हणजे साधारण एक मीटर पाण्याचा स्तंभ. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. डब्याच्या आधी पाईपला एक नट वेल्ड करून तांब्याच्या नळीनं कमी दाबाचं गेज जोडायचं आणि भरल्या गाडीनं चढ चढताना वाचायचं. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून आलेला आकडा खरा नसतो, कारण लोड नसतो.

आणि सायलेन्सरच काढून सरळ पाईप टाकला की गाडी उडते, हे कानाचे लाड आहेत. जुन्या साध्या डिझेल इंजिनाला एवढी हवाच लागत नाही की मूळ डब्यात ती अडकावी. चालकाला आवाज मोठा ऐकू येतो आणि त्याला जोर वाढल्यासारखं वाटतं. कात्रजच्या चढावर घड्याळ लावून बघा.

पत्र्याबद्दल थोडं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी जवळच्या जवळ चालवली तर पाईप पुरता तापत नाही, ती वाफ डब्यात पाणी होऊन बसते आणि गंधकाची आम्लं सोबतीला येतात. डबा आतून कुजतो, बाहेरून रंग चकचकीत. कोकणात तर बाहेरूनही खारा वारा असतो. तिकडच्या गाडीला ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस परवडतो, घाटावर १६ गेजचा साधा पाईप चांगली वर्षं काढतो. डब्याच्या सर्वात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं बारीक भोक असतं, पाणी निथळायला. ते गळती समजून वेल्डिंगनं बुजवणारे मिस्त्री मी किमान तीन पाहिलेत. गावाकडं पाण्याचा जीआय पाईपही सर्रास लावतात. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या वेळी पांढरा धूर होऊन निघतं आणि तो धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरते. पाईपवर उष्णतेची पट्टी गुंडाळायचीही फॅशन आली आहे. साध्या लोखंडावर ती ओल धरून ठेवते आणि तेल-डिझेलनं भिजली तर पेटते.

बसवण्यातला जो भाग सगळे उरकतात तो म्हणजे टांगणी. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चेसिस हलत नाही. या दोघांमध्ये पाईप करकचून बांधला तर काही दिवसांत तो वेल्डिंगला तडकतो आणि तोवर इंजिनाचा थरकाप चेसिसला पोचवत राहतो. म्हणून इंजिनाकडच्या पाईपात जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा हवा, आणि डबा रबराच्या हँगरवर लटकलेला हवा, बाइंडिंगच्या तारेनं आवळलेला नको. चेसिसला, टाकीला, ब्रेकच्या पाईपला कुठंही घासता कामा नये. बोटभर जागा सगळीकडून. जुन्या टायरच्या पट्ट्यांचे हँगर चालतात, पण शेपटीकडं, गरम टोकाला नाही. माझ्या गाडीतला अर्धा थरकाप एक क्लॅम्प सरकवल्यानं गेला. तो चेसिसच्या रिबला टेकत होता. पैसे शून्य.

पण हायवेवरचं ते घूंऽऽ उरलं होतं, आणि त्याचा गुन्हेगार डब्यानंतरचा पाईप निघाला. बासरीसारखं समजा. दोन्हीकडून मोकळा पाईप आपल्या लांबीप्रमाणं एका ठरावीक पट्टीला गातो. ३ मीटरचा टेलपाईप गरम धुरात साधारण ८३ कंपनांना गातो, आणि चार सिलिंडरांचं इंजिन २५०० आरपीएमला बरोबर तेवढेच ठोके देतं. दोघांची गाठ पडली की केबिन घुमतं. तोच पाईप २ मीटरचा केला तर त्याची पट्टी १२५वर जाते, जिथं पोचायला इंजिनाला ३७५० आरपीएम लागतील. जुनं ४९७ तिथवर जातच नाही. गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं पाईप पार फाळक्यापर्यंत नेला होता. चाचांनी मधूनच कापून उजवीकडं वळवला. सहा सिलिंडरांच्या गाडीत तीच गाठ १६६० आरपीएमच्या आसपास पडते, म्हणजे ऐन धावण्याच्या टप्प्यात, आणि तिथं पाईप कापून भागेलच असं नाही. मग शेपटीला एक छोटा दुसरा डबा जोडायचा.

कापताना तोंड कुठं उघडतं ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं धूर खाली किंवा डावीकडं सोडायचा नसतो, मागं किंवा उजवीकडं सोडायचा. डावीकडं रस्त्याची कड, तिथं माणसं चालतात. पाईप डिझेलच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर लांब हवा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरचे नियम वेगळे आहेत, त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. तोंड केबिनच्या किंवा ताडपत्रीच्या खाली उघडलं तर धूर आत शिरतो, आणि क्लीनर मागं झोपलेला असतो. ऊस, कडबा, कापूस वाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी: डबा आणि हौद्यामध्ये पत्र्याचा आडोसा. उसाच्या फडात गाडी घालताना खालचं वाळलेलं पाचट गरम पाईपला लागून पेटू शकतं. कायद्याच्या बाजूनं सांगायचं तर सायलेन्सर काढलेली, आवाज आणि धुराचं मानक मोडणारी गाडी पकडली गेली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी आहेच.

वेल्डिंग गाडीवरच करायची वेळ आली तर बॅटरीच्या वायरी सोडा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ त्याच पाईपला लावा, आणि टाकीच्या बाजूला असाल तर पाईप खाली उतरवूनच वेल्ड करा. "आधी इतक्या वेळा केलंय" हे उत्तर टाकीला ऐकू येत नाही.

फरक पडला की नाही हे कानावर सोडू नका, कान दोन दिवसांत सरावतो. मोबाइलवरचं ध्वनिमापक खऱ्या आकड्यासाठी भरवशाचं नाही, पण आधी आणि नंतर यातली तफावत ते ठीक सांगतं. टेलपाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंश बाजूला, तोंडाच्याच उंचीवर मोबाइल धरायचा. इंजिन दोन्ही वेळा तापलेलं, जागा तीच, ॲक्सिलरेटर तेवढाच. दहा डेसिबल उतरले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. केबिनमधला त्रास मात्र यानं पूर्ण जात नाही. तिथं इंजिनाच्या झाकणाचं रबर, पायाखालची भोकं आणि जाड मॅट यांची पाळी येते, पण ते काम शिंप्याचं आहे, लोहाराचं नाही.

माझ्या गाडीचे शेवटी आठ-नऊ डेसिबल उतरले. तरी पहाटेची गंमत राहिलीच होती. निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कुठल्याही डब्यानं जुनं डिझेल इंजिन तिथवर उतरत नाही. मग एकदा मीच अडीच वाजता गाडी सुरू करून खाली उतरलो आणि आजींच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. पाईपचं तोंड उजवीकडं, आणि उजवीकडं दोन हातांवर त्यांची भिंत. आवाज भिंतीवर आपटून गल्लीभर पसरत होता. त्या दिवसापासून मी रात्री परतल्यावर कोपऱ्यावरून वळसा घेतो आणि गाडी उलट्या तोंडानं लावतो. आता उजवी बाजू समोरच्या रिकाम्या प्लॉटकडं असते.

परवा आजी म्हणाल्या, "गाडी विकलीस की काय?"